बटण कुणाच्या हातात? डिजिटल सार्वभौमत्व, सोप्या शब्दांत

दर रविवारी सकाळी मी नागपुरातल्या एका अभ्यासिकेत राज्यघटना शिकवायला जातो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं असतात. कुणी काटोलचं, कुणी उमरेडचं, कुणी थेट गडचिरोलीहून आलेलं. २०२५ च्या पावसाळ्यात आम्ही उद्देशिका वाचत होतो. ‘आम्ही, भारताचे लोक, भारताचे एक सार्वभौम...’ इथे मी नेहमीसारखा थांबलो आणि फळ्यावर लिहिलं : सार्वभौम म्हणजे ज्याच्यावर बाहेरच्या कुणाचीही सत्ता चालत नाही. हे वाक्य मी कित्येक वर्षं लिहीत आलो आहे. त्या दिवशी काटोलकडच्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, “सर, मंग नायराचा ईमेल बंद केला तेव्हा सार्वभौम कोण होतं जी?”

मी तिला तेव्हा अर्धवट उत्तर दिलं. ते मनात राहिलं, म्हणून आता पूर्ण लिहितो आहे.

आधी नायराचं काय झालं ते. नायरा एनर्जी ही गुजरातमध्ये वाडीनारला कच्चं तेल शुद्ध करणारी कंपनी, पूर्वीची एस्सार ऑइल. वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करायची तिची क्षमता आहे आणि देशभर तिचे पेट्रोल पंप आहेत. तिच्यात रशियाच्या रोझनेफ्ट या सरकारी तेल कंपनीची ४९ टक्क्यांहून थोडी जास्त भागीदारी आहे. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघाने रशियाविरुद्ध नवे निर्बंध जाहीर केले आणि त्यात नायराचं नाव घातलं. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे ईमेल आणि टीम्स हे बैठका-संदेशांचं अ‍ॅप बंद पडले. लायसनचे पैसे पूर्ण भरलेले असताना आम्हाला आमचाच डेटा मिळत नाही, असं म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिना संपायच्या आत सेवा पुन्हा सुरू झाल्या.

आता यातले पक्ष मोजा. निर्बंध युरोपचे, ईमेल अमेरिकी कंपनीचा, कारखाना भारतातला. भारताच्या कुठल्याही न्यायालयाने नायराविरुद्ध आदेश दिला नव्हता. एखाद्या देशाने किंवा गटाने परस्पर लादलेले निर्बंध आपण मानत नाही, ही भारत सरकारची जाहीर भूमिका आहे. तरीही भारतातल्या एवढ्या मोठ्या तेल कंपनीचं रोजचं कामकाज दूरवरून थांबवता आलं. त्यासाठी कुणाला सीमा ओलांडावी लागली नाही.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि भोसल्यांची सत्ता इंग्रजांच्या मुठीत गेली, ते अख्ख्या नागपूरला दिसलं. तोफा वाजल्या होत्या. पुढे १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, तेही दिसलं. आजची सत्ता अशी डोळ्यांना दिसत नाही. लॉगिन होत नाही, एवढंच दिसतं.

डिजिटल सार्वभौमत्व हा शब्द जड आहे, त्यामागचा प्रश्न जड नाही. आपलं सरकार, आपल्या बँका, आपले दवाखाने, आपण स्वतः ज्या यंत्रणांवर रोज जगतो, त्या बंद करायचं बटण कुणाच्या हातात आहे? ते बटण दाबणाऱ्याला जाब कोण विचारू शकतं? बाकी सगळी चर्चा या दोन प्रश्नांच्या पोटात येते.

बटण एकच असतं असंही नाही. धरमपेठेतून इतवारीतल्या भावाला तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ‘निघालो’ एवढंच लिहिता. अंतर पाच-सात किलोमीटरचं. फोनची चिप बहुधा परदेशात बनलेली, अँड्रॉइड गुगलचं, व्हॉट्सअ‍ॅप मेटाचं. टॉवर आणि जमिनीखालची फायबर भारतीय कंपन्यांची. संदेश देशाबाहेर जाणार असेल तर तो समुद्राखालच्या केबलमधून जातो आणि आपल्याकडच्या बहुतेक केबल मुंबई आणि चेन्नईच्या किनाऱ्यावरच वर येतात. या प्रत्येक थराचा मालक वेगळा, प्रत्येकावर चालणारा कायदा वेगळा. ‘इंटरनेट आपलं की परक्याचं’ असा प्रश्न म्हणूनच चुकीचा पडतो. कुठल्या थराबद्दल बोलताय, हे आधी विचारायला हवं.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘डेटा भारतात ठेवला की झालं’ या समजुतीने. सर्व्हर मुंबईत आहे, म्हणजे माहिती आपल्या ताब्यात, असं आपण धरून चालतो. पण सातबारा कपाटात कुणाच्या घरी ठेवला आहे यावरून शेत कुणाचं ते ठरत नाही. तसंच हे आहे. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये क्लाउड अ‍ॅक्ट नावाचा कायदा केला. तिथल्या न्यायप्रक्रियेतून रीतसर मागणी आली, तर अमेरिकी कंपनीला आपल्या ताब्यातला डेटा द्यावा लागतो, मग तो जगात कुठेही साठवलेला असो. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या चौकशी समितीने मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदेविषयक प्रमुखांना शपथेवर विचारलं : फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रान्सच्या संमतीशिवाय अमेरिकी यंत्रणांना कधीच दिला जाणार नाही, याची हमी देता का? ते म्हणाले, हमी देऊ शकत नाही. असं आजवर घडलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला ते उत्तर प्रामाणिक वाटतं. कंपनी आपल्या देशाचा कायदा पाळणारच. प्रश्न आपण काय गृहीत धरून बसलो आहोत, हा आहे.

म्हणजे सरकारं हतबल आहेत का? अजिबात नाही. आपल्याच रिझर्व्ह बँकेचं उदाहरण घ्या. ६ एप्रिल २०१८ ला तिने एक परिपत्रक काढलं : भारतातल्या पेमेंट व्यवहारांचा सगळा डेटा भारतातच साठवायचा. सहा महिन्यांची मुदत दिली. परदेशी कार्ड कंपन्यांनी बरीच कुरकुर केली. नियम नीट पाळला नाही म्हणून जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घ्यायला मनाई झाली. ती उठायला जवळपास वर्ष लागलं, जून २०२२ उजाडलं. ज्या सरकारच्या हाती मोठा बाजार आहे आणि कायदा राबवायची तयारी आहे, त्याने दाबलेलं बटणही कंपन्यांना दुखतं.

त्याच सुमारास रशियात दुसरी बाजू दिसली. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं. रशियात दिलेली कार्डं देशाबाहेर निरुपयोगी झाली. देशातल्या देशात मात्र ती चालत राहिली, कारण अंतर्गत व्यवहार रशियाने काही वर्षं आधीच स्वतःच्या यंत्रणेवर आणले होते. त्या युद्धाचं मी समर्थन करत नाही. पण पर्याय आधी बांधून ठेवणं म्हणजे काय, ते यातून समजतं. आपल्याकडे रुपे कार्ड २०१२ मध्ये आलं आणि युपीआय २०१६ मध्ये, दोन्ही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचे.

युपीआयचा मला अभिमान आहे, आणि अभिमान आहे म्हणूनच त्यातल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली : रूळ आपले आहेत, पण त्यावरच्या गाड्या बहुतांश दोनच कंपन्यांच्या. फोनपे आणि गुगल पे मिळून ऐंशी टक्क्यांहून जास्त व्यवहार करतात. फोनपेची मालकी प्रामुख्याने अमेरिकेच्या वॉलमार्टकडे आहे, गुगल तर गुगलच. एका अ‍ॅपकडे तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत, ही मर्यादा २०२० मध्ये जाहीर झाली. ती लागू करायची तारीख पुढे ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीपर्यंत आली आहे. दुसरी : १२ एप्रिल २०२५ चा शनिवार आठवतो का? दोन-तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा युपीआय अडखळलं होतं. गोकुळपेठेच्या बाजारात भाजीवाल्या बाई पिशवी हातात धरून थांबल्या होत्या, माझ्या खिशात वीस रुपये होते. कुणी परक्याने काही केलं नव्हतं. आपलीच यंत्रणा, आपल्याच भाराखाली वाकली होती. मालकी आपली असली की जबाबदारीही आपलीच येते, आणि एकाच दोरीवर सगळं वजन टाकायचं नसतं.

‘आपलं’ या शब्दाच्या आत किती थर असतात, हे मला नाविकवरून सगळ्यात नीट कळलं. नाविक ही इस्रोची, जीपीएससारखं ठिकाण दाखवणारी भारतीय उपग्रह यंत्रणा. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला उडाला. उपग्रह आपले, प्रक्षेपक आपला, नियंत्रण आपलं. पण ठिकाण मोजायला आत लागतं अतिशय अचूक अणुघड्याळ, आणि ती घड्याळं परदेशातून विकत आणलेली होती. पुढे ती एकामागून एक बिघडत गेली आणि काही उपग्रहांचा ठिकाण सांगण्यासाठी उपयोगच उरला नाही. अवकाशात गेलेल्या घड्याळाला कोण दुरुस्त करणार? मग इस्रोने स्वतःचं, रुबिडियम या धातूवर चालणारं अणुघड्याळ बनवलं. ते २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ या उपग्रहातून वर गेलं. दहा वर्षांचं अंतर आहे या दोन तारखांत. स्वावलंबन हे असं येतं, एका पुर्ज्यापाठोपाठ दुसऱ्या पुर्ज्याने. भाषणाने येत नाही.

म्हणून सगळं स्वदेशीच वापरा, असं मी म्हणत नाही. का म्हणत नाही, ते घरच्या अनुभवावरून सांगतो.

नव्वदच्या दशकात मी शिकवण्याच्या टिपणांची पाच-सहाशे पानं संगणकावर मराठीत टाइप केली. तेव्हा प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा आणि त्याच्या आतली अक्षरांची मांडणीही वेगळी. माझा फॉन्ट भारतीय कंपनीचा होता, शंभर टक्के स्वदेशी. संगणक बदलला, ते सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालेना, आणि माझी पानं उघडली की स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ज्यांनी त्या काळात मराठीत काही लिहिलं आहे, त्यांना हे दुःख ठाऊक आहे. किती संस्थांचे दस्तावेज, किती लेखकांची पुस्तकं त्या फॉन्टमध्ये अडकली. शब्द माझे होते, ते वाचायची परवानगी मात्र दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरकडे होती.

सुटका कशाने केली? युनिकोडने. ते भारतीय नाही. अमेरिकेत नोंदलेली संस्था ते चालवते आणि तिच्यात मोठमोठ्या परदेशी कंपन्या सभासद आहेत. पण ते खुलं मानक आहे. कुठल्या अक्षराला कुठला क्रमांक, हे सगळ्यांसमोर मांडलेलं. ते कुणीही वापरावं, त्यावर कुणीही फॉन्ट बनवावा. त्यातली देवनागरीची मांडणी आपल्याच इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली आहे. आज मी फोनवर मराठीत लिहिलेलं तुमच्या कुठल्याही यंत्रावर तसंच दिसतं. उद्या माझ्या फोनची कंपनी बुडाली, तरी माझी अक्षरं बुडणार नाहीत.

म्हणून मालक देशी की परदेशी, याच्या आधी मी दुसरंच विचारतो : आपलं सामान घेऊन निघून जाता येतं का? घर भाड्याचं असलं तरी चालेल. दार बाहेरून बंद नको. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने हेच ओळखून २०२५ मध्ये आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांची चाळीस हजारांहून जास्त ईमेल खाती मायक्रोसॉफ्टकडून खुल्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याची आतली रचना कुणीही पाहू आणि बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरवर नेली. केरळने तर फार आधीपासून सरकारी शाळांतले संगणक लिनक्स या अशाच खुल्या प्रणालीवर चालवले. आपल्या केंद्र सरकारनेही बारा लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहो या तमिळनाडूतल्या कंपनीच्या यंत्रणेवर नेल्याचं २०२५ मध्ये समोर आलं. यातलं बटण देशातच राहिलं, हे चांगलंच झालं. पण उद्या झोहोकडून दुसरीकडे जायचं ठरलं तर किती सोपं असेल, हा प्रश्न तिथेही विचारायला हवा. खाजगी कंपनी ती खाजगी कंपनीच.

आता त्या मुलीच्या प्रश्नातला जास्त अवघड भाग.

समजा सगळी बटणं परदेशी कंपन्यांकडून काढून आपल्या सरकारच्या हाती दिली. मग आपण सार्वभौम झालो का? उद्देशिकेचं वाक्य पुन्हा वाचा. त्याचा कर्ता ‘सरकार’ नाही. ‘आम्ही, भारताचे लोक’ हा कर्ता आहे. सार्वभौमत्व आपलं आहे, सरकार ते आपल्या वतीने सांभाळतं. सांभाळणाऱ्याने हिशेब द्यायचा असतो.

हा हिशेब मागण्याच्या गोष्टीत विदर्भाचा वाटा मोठा आहे, आणि तो आमच्या मुलांना माहीत नसतो म्हणून मी मुद्दाम सांगतो. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्या आधारवरून प्रश्न निघाला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे का. सरकारची बाजू होती, नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, आहे. त्या नऊ जणांत नागपूरचे शरद बोबडे होते. नंतर जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद होतं, त्यावर १० जानेवारी २०२० ला निकाल आला : इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील. त्या तिघांच्या पीठावर अमरावतीचे भूषण गवई होते, ज्यांची वकिली आमच्या नागपूर खंडपीठात घडली. निकालानंतरही काश्मीरला पूर्ण वेगाचं मोबाइल इंटरनेट परत मिळायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. म्हणजे हक्क लिहून मिळणं आणि हातात येणं, यात एक वर्षाहून जास्त काळ गेला. विद्यार्थ्यांच्या परीक्षा, रुग्णांचे रिपोर्ट, दुकानदारांचे हिशेब, सगळं त्या काळात अडकून होतं. मला ते आजही लागतं.

देशाच्या सुरक्षेसाठी काही अ‍ॅप बंद करावी लागतात, हे मी मानतो. २९ जून २०२० ला गलवाननंतर टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली. पण त्याच कलमाखाली एखादा मजकूर किंवा खातं बंद करण्याचे आदेश गुप्त ठेवता येतात. काय बंद झालं आणि का, हे अनेकदा ज्याचं बंद झालं त्यालाही नीट कळत नाही. जाब विचारायचा तर कशाबद्दल विचारायचा?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही असाच दोन तोंडांचा आहे. कंपन्यांनी तुमची माहिती सांभाळली नाही तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड, हे उत्तमच. पण सरकारला वाटलं तर ते आपल्या कुठल्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून मोकळं करू शकतं. शिवाय या कायद्याने माहिती अधिकाराचं एक कलम बदललं. पूर्वी एखादी वैयक्तिक माहिती जनहितासाठी द्यायची की नाही, हे त्याच कलमात तोलता यायचं. आता ‘वैयक्तिक’ म्हटलं की त्या कलमाचं दार बंद. दुसऱ्या एका कलमातली जनहिताची खिडकी शिल्लक आहे, पण तिथपर्यंत पोहोचायला भांडावं लागेल.

तरी लोकांनी जाब विचारला की काय होतं, तेही नुकतंच दिसलं. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना सांगितलं की संचार साथी हे सरकारी अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्या. चोरीचे फोन शोधायला ते उपयोगी आहे, यात वाद नाही. वाद सक्तीचा होता. चहूकडून विरोध झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. आठवडाभरात.

आणि आता थेट नागपूर. राज्य सरकारने २०२४ मध्ये मार्व्हल नावाची कंपनी स्थापन केली, पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला, आणि ती नागपुरात आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत जाहीर झालं की महाक्राइमओएस नावाची तपासाला मदत करणारी यंत्रणा नागपुरातल्या २३ पोलीस ठाण्यांत चालू आहे आणि ती राज्यातल्या सगळ्या म्हणजे अकराशे ठाण्यांत नेली जाईल. ती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, म्हणजे तिने भाड्याने दिलेल्या सर्व्हरांवर, ओपनएआय या अमेरिकी कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलच्या आधारे बांधली आहे. सायबर फसवणुकीत म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी जाते. तपास लवकर झाला तर मला आनंदच आहे. पण इथे माझ्या लेखाचे दोन्ही धागे एकाच गाठीत येतात. पोलीस ठाणं म्हणजे राज्याच्या सत्तेचं सगळ्यात धारदार टोक. तिथली तक्रार, जबाब, संशयिताचं नाव ज्या यंत्रणेतून जातं, तिचं बटण एका परदेशी कंपनीकडे आहे. आणि त्या यंत्रणेने एखाद्या निरपराध माणसाकडे बोट दाखवलं तर त्याने जाब कुणाला विचारायचा, ठाणेदाराला, मार्व्हलला की मॉडेलला?

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं काही वेळ गप्प होती. मग त्या काटोलच्या मुलीनेच विचारलं, “सर, माहिती अधिकारात विचारता येते का?” येतं. आम्ही अर्ज लिहायला बसलो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून दोन रविवार नुसती काटछाट चालली. ‘का’ आणि ‘कसं’ विचारलं की उत्तर टाळता येतं, कागदाची प्रत मागितली की टाळणं अवघड जातं, हे मुलांना त्यात उमगलं. शेवटी तीन मागण्या उरल्या. करारातल्या डेटा साठवणुकीच्या अटींची प्रत. करार संपल्यावर पोलिसांचा डेटा परत कसा आणि किती दिवसांत मिळेल, त्या कलमाची प्रत. आणि यंत्रणेच्या चुका तपासायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या नेमणूक आदेशाची प्रत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. अर्जदार म्हणून सही कुणी करायची यावर जरा चर्चा झाली, आणि तिने पेन घेतलं.